‘अंशतः’ : एका क्रियाविशेषणाचा सिरोंचा तहसिलीतील इतिहास

इ. स. १९३६ साली ब्रिटिश राजाज्ञेने हिंदुस्थानातील काही प्रदेशांची एक यादी प्रसिद्ध झाली. मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या प्रांताच्या सदरात, चांदा जिल्ह्याच्या नावाखाली, सिरोंचा तहसिलीतील अहेरी जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलीतील धानोरा, दुधमाळा, गेवर्धा, झाडापापडा, खुटगाव, कोटगल, मुरुमगाव, पळसगड, रांगी इत्यादी जमीनदाऱ्या त्या यादीत नमूद होत्या. यादीला जे शीर्षक होते त्यात एक क्रियाविशेषण होते : ‘पार्शली’. हे प्रदेश ‘पार्शली एक्स्क्लूडेड’, म्हणजे मराठीत ‘अंशतः वर्जित’, ठरविण्यात आले. ‘वर्जित’ ह्या विशेषणाकडे इतिहासकारांचे लक्ष पुष्कळ गेले आहे. त्यामागील क्रियाविशेषण मात्र बहुधा शोभेचे समजून सोडून देण्यात येते. वस्तुतः प्राणहिता, गोदावरी व इंद्रावती ह्या नद्यांच्या कुशीतील ह्या तहसिलीचा १९३६ नंतरचा घटनात्मक इतिहास त्या एका अव्ययाच्या अर्थावर उभा आहे. आणि तो अर्थ एक नसून तीन आहेत.

प्रथम शब्दाचा विचार. लॅटिनमधील ‘भाग’ ह्या अर्थाच्या ‘पार्स’ ह्या शब्दापासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये जे विशेषण बनले त्यावरून इंग्रजीतील ‘पार्शल’ आले. पण ‘भाग’ ह्या कल्पनेस इंग्रजीत आरंभापासून दोन वाटा फुटलेल्या दिसतात. एक वाट ‘तुकडा’ ह्या अर्थाकडे जाते. दुसरी ‘बाजू’ ह्या अर्थाकडे. वादातील एक भाग म्हणजे एक बाजू, आणि त्या बाजूकडे झुकणे म्हणजे ‘पार्शल’ असणे. संस्कृताने ह्यासाठी प्रारंभीच दोन वेगळे शब्द योजले, ‘अंश’ आणि ‘पक्ष’. त्यामुळे ‘अंशतः’ म्हणताना मराठी माणसाच्या मनात ‘पक्षपाताने’ हा अर्थ डोकावत नाही. इंग्रजीत तो डोकावतो, निदान एके काळी डोकावत असे. शेक्सपिअरने ‘ऑथेल्लो’ नाटकात हे क्रियाविशेषण योजले आहे ते पक्षपाताच्याच अर्थाने. आज ह्या अर्थी ते क्वचितच आढळते. नकारार्थी ‘इम्पार्शली’ हे रूप न्यायालयांच्या शपथांतून व प्रशासनाच्या भाषेतून ठणठणीत जिवंत राहिले. त्याचे होकारार्थी भावंड मात्र अस्तंगत झाले.

दुसरा भेद अधिक सूक्ष्म आहे. इंग्रजीत ‘पार्टली’ व ‘पार्शली’ अशी दोन क्रियाविशेषणे असून सामान्य लेखक ती एकमेकांच्या जागी वापरतात. एच. डब्ल्यू. फाउलर ह्यांनी आधुनिक इंग्रजीच्या प्रयोगांवरील आपल्या १९२६ च्या कोशात ह्या गोंधळाची दखल घेतली आहे. ‘पार्टली’ म्हणजे समग्रापैकी एका भागापुरते. त्याचा विरोध ‘सगळे’ ह्याच्याशी. ‘पार्शली’ म्हणजे मर्यादित प्रमाणात, अपुरेपणाने. त्याचा विरोध ‘पूर्णपणे’ ह्याच्याशी. घराचा अर्धा भाग रंगविला असेल तर पहिले अव्यय शोभते. सगळ्या घरावर रंगाचा एकच पातळ हात दिला असेल तर दुसरे. मराठीत ह्या दोहोंसाठी सामान्यतः ‘अंशतः’ हाच शब्द पुढे येतो. ‘तस्’ प्रत्ययाने बनलेल्या ह्या अव्ययात क्षेत्राचा अंश आणि तीव्रतेचा अंश असा भेद मुळात नाही. म्हणून ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ ही शब्दसंहती वाचणारा मराठी वाचक, क्षेत्राचा काही भाग वर्जित आहे व काही नाही, असे सहज समजतो. १९३५ च्या कायद्याचा तो आशय नव्हता. अंशतः वर्जित क्षेत्र हे सर्वच्या सर्व अंशतः वर्जित होते. अंश होता तो भूमीचा नव्हे, सत्तेचा.

तथापि सिरोंचा तहसिलीच्या बाबतीत दुसरा अर्थही खराच ठरला, आणि त्यामागे बराच जुना इतिहास आहे. ही तहसील दोन भिन्न राज्यांच्या तुकड्यांतून बनलेली आहे. अहेरीची विस्तीर्ण जमीनदारी, चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी, चांद्याच्या गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे आली. खुद्द सिरोंचा व गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके मात्र निजामाचे होते. १८६० च्या तहान्वये ते इंग्रजांस मिळाले. गोदावरीतून समुद्रापर्यंत जलमार्ग काढण्याची सर ऑर्थर कॉटन ह्यांची योजना त्या वेळी जोरात असल्यामुळे ह्या काठाला महत्त्व आले होते. सिरोंचा हे ‘अपर गोदावरी’ नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. तेथील डेप्युटी कमिशनर कॅप्टन ग्लासफर्ड ह्यांचा बस्तर संस्थानावरील १८६२ चा अहवाल अभ्यासकांना परिचित आहे. जलमार्गाची कामे १८७१ मध्ये सोडून देण्यात आली. १८७४ मध्ये अपर गोदावरी जिल्हा मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडण्यात आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नुगूर, आलबाका व चेर्ला हे खालचे तीन तालुके मद्रास इलाख्याकडे गेले. उरली ती एका बाजूस तेलुगू-भाषक वस्तीची नदीकाठची खालसा गावे, आणि दुसऱ्या बाजूस माडिया व गोंड लोकांची वस्ती असलेली अहेरी जमीनदारी.

१८७४ ह्याच वर्षी ‘शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स’ कायदा झाला. सर्वसाधारण कायदे जेथे आपोआप लागू समजले जात नाहीत अशा मुलुखांची त्यात यादी होती, व चांद्याच्या जमीनदाऱ्यांत अहेरीचे नाव होते. येथे अद्याप क्रियाविशेषण नाही. मुलूख यादीत आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न. १९१९ च्या सुधारणा-कायद्याने ‘मागासलेले मुलूख’ अशा अर्थाची संज्ञा आणली. सायमन कमिशनने १९३० च्या अहवालात ही संज्ञा बदलून ‘वर्जित क्षेत्रे’ असा शब्द सुचविला. पहिली संज्ञा तेथील लोकांविषयी बोलते, दुसरी केवळ कायद्याविषयी. हा बदल सौजन्याचा म्हणावा लागतो, पण त्यामुळे एक अडचण उत्पन्न झाली : मागासलेपणात कमीअधिक असू शकते, वर्जनात ते कसे असणार? ती अडचण सोडविण्यासाठी जी तोडजोड झाली तीच ‘पार्शली’ हे क्रियाविशेषण होय.

१९३५ च्या मे महिन्यात पार्लमेंटच्या कॉमन्स सभेत ह्या विषयावर वाद झाला. सरकारने मांडलेली यादी फारच आखूड आहे असे म्हणून सर एडवर्ड कॅडोगन ह्यांनी तीत पुष्कळ प्रदेशांची भर घालणारी दुरुस्ती सुचविली. सरकारने ती यादी कायद्यात न घालता प्रांतांशी विचारविनिमय करून पुढे राजाज्ञेने जाहीर करण्याचे मान्य केले, व त्याप्रमाणे १९३६ ची आज्ञा निघाली. संपूर्ण वर्जित क्षेत्रे थोडीच होती : चितगावचा डोंगरी मुलूख, स्पिती व लाहूल, आसामातील काही डोंगर वगैरे. मध्यप्रांत व वऱ्हाडात तसे एकही नव्हते. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट असो की अहेरी, तेथे जे होते ते सारे ‘अंशतः’. मुंबई इलाख्यातही तीच स्थिती असून पश्चिम खानदेशातील अक्राणी महाल, नाशिक जिल्ह्यातील पेठ, ठाणे जिल्ह्यातील डहाणू व मोखाडा हे त्याच सदरात होते.

‘अंशतः’ ह्या अव्ययाचा कायदेशीर अर्थ काय, हे १९३५ च्या कायद्यातील काही कलमे एकत्र वाचल्यावाचून समजत नाही. कलम ९२ प्रमाणे दोन्ही प्रकारच्या क्षेत्रांना मध्यवर्ती वा प्रांतिक विधिमंडळाचा कोणताही कायदा आपोआप लागू होत नसे. गव्हर्नराने जाहीर अधिसूचनेने तसे सांगितले तरच, आणि त्याला योग्य वाटतील त्या फेरफारांसह, तो लागू होई. शांतता व सुव्यवस्थेसाठी विनियम करण्याचा अधिकारही दोन्हीकडे गव्हर्नरासच होता. इथपर्यंत संपूर्ण व अंशतः ह्यांत काहीच फरक नाही. फरक कारभारात होता. संपूर्ण वर्जित क्षेत्रात गव्हर्नर स्वेच्छाधिकाराने, म्हणजे मंत्र्यांना विचारण्याचे बंधन नसता, वागे. अंशतः वर्जित क्षेत्राचा कारभार मंत्र्यांकडे होता. गव्हर्नरावर त्याबाबत ‘विशेष जबाबदारी’ टाकलेली असल्याने तो मंत्र्यांचा सल्ला ऐकून मग प्रसंगी आपला वैयक्तिक निर्णय चालवू शके. पैशाच्या बाबतीत भेद अधिक स्पष्ट होता : संपूर्ण वर्जित क्षेत्रावरील खर्च विधानसभेच्या मतदानाबाहेर ठेवलेला होता, अंशतः वर्जित क्षेत्राच्या खर्चास तसे संरक्षण नव्हते, तो सभेपुढे मतास येई. सारांश, कायदा करण्याच्या बाबतीत अहेरी पूर्णपणे वर्जित होती, आणि पैसा व दैनंदिन कारभार ह्यांच्या बाबतीत जवळजवळ मुळीच नव्हती. ह्या दोन टोकांची बेरीज करून तिला ‘अंशतः’ म्हणण्यात आले. फाउलरने सांगितलेला अर्थभेदही येथे अपुरा पडतो. हा रंगाचा पातळ हात नव्हे. एका भिंतीला पूर्ण रंग आणि दुसरी कोरी, असा प्रकार आहे, फक्त त्या भिंती जमिनीवर नसून कायद्याच्या पुस्तकात आहेत.

ह्या अव्ययाला एक कालवाचक छटाही होती. कलम ९१ अन्वये संपूर्ण वर्जित क्षेत्र पुढे अंशतः वर्जित करता येत होते, आणि अंशतः वर्जित क्षेत्र त्या वर्गातून काढून टाकता येत होते. उलट दिशेने जाण्याची सोय नव्हती. सीमांची किरकोळ दुरुस्ती किंवा प्रांतांच्या हद्दींतील बदल सोडता नवीन क्षेत्राची भर पडू शकत नव्हती. म्हणजे ‘अंशतः’ ही एक पायरी होती, आणि जिना केवळ उतरता होता. १९३६ च्या यादीत जे गाव राहून गेले ते कायमचेच राहून गेले.

सिरोंचा तहसिलीत ह्याचा परिणाम विलक्षण झाला. तहसिलीचे ठाणे, कचेरी व बाजारपेठ यादीबाहेर. तेथून ज्या जंगलमुलुखाचा कारभार पाहावयाचा तो बव्हंशी यादीत. नागपूरच्या विधानसभेने केलेला कायदा सिरोंचा गावात आपोआप लागू, आणि अहेरी जमीनदारीच्या हद्दीत अधिसूचनेवाचून निष्फळ. एकाच जातीजमातीचे कुळ खालसा गावात राहत असेल तर त्याला कोणतेच वेगळे संरक्षण नाही, व जमीनदारीच्या गावात राहत असेल तर आहे. तहसिलीपुरते पाहता इंग्रजी भाषेला येथे दोन्ही अव्यये एकदम लागली असती : ही तहसील ‘पार्टली’ यादीत होती, आणि जेवढी होती तेवढी ‘पार्शली’ वर्जित होती. मराठीत हे वाक्य लिहू गेल्यास ‘अंशतः’ दोनदा येते व वाचक गोंधळतो. शिवाय रेषा आखताना वस्ती कोणाची आहे हे गावोगाव पाहिलेले नव्हते. १८५४ साली भोसल्यांकडून आलेला मुलूख आणि १८६० साली निजामाकडून आलेला मुलूख ह्यांतील जुनाच सांधा तिने वापरला. लोकांच्या स्थितीवरून ठरवावयाची गोष्ट जमीनदाराच्या मिळकतीवरून ठरली, हा त्या यादीचा सर्वांत मोठा दोष म्हटला पाहिजे.

नद्यांच्या पलीकडे तर हे क्रियाविशेषणच नव्हते. इंद्रावतीपलीकडे बस्तरचे संस्थान होते, प्राणहितेपलीकडे निजामाचा आदिलाबाद जिल्हा. तेथील गोंडांना ‘वर्जन’ नव्हते, आणि संरक्षणही नव्हते. १९४० साली कुमरम भीम ह्यांचा उठाव व अंत झाल्यानंतर काही वर्षांनी, १९४६ मध्ये, निजाम सरकारने आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम केला. तीन नद्यांच्या परिसरातील एकच समाज अशा रीतीने तीन निरनिराळ्या व्यवस्थांखाली होता.

आता तिसऱ्या, दुर्मिळ झालेल्या अर्थाकडे वळले पाहिजे. १९३६ च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. त्याच जिल्ह्यातील सातपुड्याचा राखीव जंगलभाग अंशतः वर्जित ठरलेला होता. सभेने ह्या व्यवस्थेचा निषेध करणारा ठराव केला : लोकांचे गट पाडून त्यांना भेदाने वागविण्याचा हा आणखी एक प्रयत्न असून त्यामागे वने व खनिजे ह्यांवरील ताबा हाती ठेवण्याचा हेतू आहे, असा त्याचा आशय होता. ठरावात क्रियाविशेषणाची चर्चा अर्थातच नाही. पण टीकेचा रोख नेमका त्याच्या जुन्या अर्थावर आहे. ‘अंशतः वर्जित’ म्हणजे ‘पक्षपाताने वर्जित’, हीच ती तक्रार. दुसऱ्या बाजूचे लोकही पक्षपात नाकारीत नव्हते. तो दुर्बलाच्या बाजूचा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९४३ साली ह्या वादाची दोन प्रसिद्ध पुस्तके निघाली. वेरियर एल्विन ह्यांचे आदिवासींवरील छोटे पुस्तक संरक्षणाची बाजू मांडणारे. पुण्याच्या गोखले संस्थेने प्रसिद्ध केलेला गो. स. घुर्ये ह्यांचा ग्रंथ अलगतेच्या धोरणावर प्रहार करणारा, आणि वर्जित क्षेत्रांच्या इतिहासाचा बारकाईने परामर्श घेणारा. घुर्ये ह्यांची टीका विद्वत्तेच्या दृष्टीने सरस आहे ह्यात संशय नाही. मात्र दोन्ही पक्ष जेव्हा ‘वर्जन’ ह्या एकाच शब्दावर भांडतात, तेव्हा मध्यप्रांतात संपूर्ण वर्जन मुळी अस्तित्वातच नव्हते ही गोष्ट मागे पडते. अहेरीचा कारभार १९३७ ते १९३९ ह्या काळात प्रथम ना. भा. खरे व नंतर रविशंकर शुक्ल ह्यांच्या मंत्रिमंडळाच्याच हाती होता. वेगळेपण होते ते अधिसूचनेच्या पानावर.

१९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, कलम ९३ अन्वये सर्व सत्ता गव्हर्नराकडे गेली, आणि ‘अंशतः’ ह्या शब्दातून अर्थच निघून गेला. कारण आता सगळा प्रांतच त्या एका व्यक्तीच्या निर्णयावर चालू लागला. ह्याच काळात, १९४० ते १९४२ मध्ये, डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन ह्यांनी प्रांतातील आदिवासींची चौकशी केली. त्यांचा १९४४ साली नागपूरहून प्रसिद्ध झालेला अहवाल वर्जित क्षेत्रांपुरता मर्यादित नसून साऱ्या प्रांतातील आदिवासींसंबंधी आहे. प्रश्न यादीतील हद्दींत मावणारा नाही, हे चौकशीच्या व्याप्तीनेच मान्य झाले होते.

स्वतंत्र भारताच्या संविधानातून हे क्रियाविशेषण नाहीसे झाले. पाचव्या अनुसूचीत ‘अनुसूचित क्षेत्रे’ एवढेच नाव आहे, अंशाचा उल्लेख नाही. पण शब्द गाळताना सूत्रही उलटे करण्यात आले, आणि हा बदल शब्दबदलाहून कितीतरी महत्त्वाचा आहे. १९३५ च्या कायद्यात राज्यपालाने सांगितल्याशिवाय कायदा लागू होत नसे. १९५० पासून राज्यपालाने नाही म्हटल्याशिवाय तो लागू होतो. पूर्वी मौन म्हणजे वर्जन होते, आता मौन म्हणजे समावेश. त्यामुळे जुन्या ‘अंशतः वर्जित’ क्षेत्राला नव्या काळात ‘अंशतः समाविष्ट’ म्हणणेही बरोबर होणार नाही : अधिसूचना निघाली नाही तर ते पूर्णपणे समाविष्ट असते.

यादी मात्र जुनीच उचलण्यात आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात चांदा जिल्ह्यातील क्षेत्र पुन्हा जमीनदाऱ्यांच्या नावांनीच सांगितले गेले, अहेरी त्यांत होतीच. त्याच सुमारास मध्यप्रदेश विधानसभेने मालगुजाऱ्या व जमीनदाऱ्या ह्यांचे स्वामित्वहक्क नष्ट करणारा कायदा केला, व ३१ मार्च १९५१ रोजी ते हक्क शासनाकडे आले. जमीनदारी संपली, पण अनुसूचित क्षेत्राची हद्द म्हणून तिचे नाव कायद्यात राहिले. १९५६ मध्ये हा मुलूख द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी सिरोंचा तहसिलीतील कोणते गाव अनुसूचित हे पाहण्यासाठी अस्तित्वात नसलेल्या एका मिळकतीची हद्दच शोधावी लागे. १९३५ च्या कायद्यातील उतरता जिनाही पाचव्या अनुसूचीत तसाच आला होता. क्षेत्र कमी करता येत होते, वाढविता येत नव्हते. ही तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने बदलली, आणि राज्यपालांशी विचारविनिमय करून क्षेत्र वाढविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८५ च्या आदेशाने महाराष्ट्रापुरती जुनी यादी रद्द होऊन नवी आली. तीत सिरोंचा, अहेरी, एटापल्ली, धानोरा व कुरखेडा हे तालुके संपूर्ण आहेत. गडचिरोली, आरमोरी व चामोर्शी ह्या तालुक्यांतील मात्र निवडक गावेच घेतलेली आहेत. नदीकाठची जी खालसा गावे १९३६ साली वगळली गेली होती, ती अशा रीतीने ४९ वर्षांनी अहेरीच्या बरोबरीस आली. चामोर्शीसारख्या तालुक्यात ‘पार्टली’ हा अर्थ अजून चालू आहे, आणि तेथे एखाद्या गावाचे नाव यादीत आहे की नाही ह्यावर १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाखालील ग्रामसभेचे अधिकार अवलंबून असतात.